टॅलीप्राइम गोल्ड : सर्व्हरवर सगळं ठीक, बाकीच्या पीसींवर कंपनी कधी उघडते कधी नाही

भोसरीचा_लेजर (सोमवार, रात्री ९.१०)

भोसरी एमआयडीसीतलं छोटं युनिट, प्रायव्हेट लिमिटेड. टॅलीप्राइम गोल्ड, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी वापरायचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, एकूण सात मशीन. डेटा एका पीसीवर आहे, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो, पण तो साधा विंडोज ११ प्रो आहे, व्हर्जन २३एच२. डी ड्राइव्हवर टॅलीडेटा नावाचा फोल्डर 'एव्हरीवन'ला शेअर केलाय, पासवर्ड नाही. बाकी मशीन अशी : दोन जुने विंडोज १०, एक विंडोज ११ होम, दोन नवीन विंडोज ११ प्रो २४एच२ आणि स्टोअरचा एक लॅपटॉप, तो वायफायवर.

अडचणी :
दोन्ही नवीन पीसींवर शेअर केलेला फोल्डरच उघडत नाही. 'तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्ट प्रवेश बंद आहे' अशा अर्थाचा मेसेज येतो.
होमवाल्या पीसीवर कंपनी (टॅलीतला आमच्या हिशेबाचा डेटा) उघडते, पण वर एज्युकेशनल मोड, म्हणजे लायसन्स न सापडल्यावरचा शिकाऊ मोड, दिसतो. १, २ आणि ३१ सोडून दुसरी तारीख घेत नाही.
लॅपटॉपवर सर्व्हर नावाने सापडतच नाही, म्हणून आयपी टाकून चालवतोय. एंट्री करता करता टॅली बंद पडतं.
बॅकअप किंवा रिपेअर करायला गेलं की कंपनी वापरात आहे म्हणून अडतं, आणि सगळे सांगतात आम्ही तर बंद केलंय.

सपोर्टवाल्याचं म्हणणं : फायरवॉल पूर्ण बंद करा, एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या. २० तारखेचं जीएसटीचं ३बी रिटर्न डोक्यावर आहे. हे करावं का?

---

तारजोड_कसबा (सोमवार, रात्री ९.४८)

नका करू. हे चार वेगळे आजार आहेत आणि सपोर्टवाल्याने चौघांना एकच गोळी लिहून दिली आहे.

मल्टियूजर टॅलीत क्लायंटला, म्हणजे सर्व्हर सोडून बाकीच्या पीसींना, चार फाटकं ओलांडावी लागतात. पहिलं नेटवर्क, म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचतंय का. दुसरं विंडोजची परवानगी : फोल्डर उघडतो का, त्यात लिहिता येतं का. तिसरं लायसन्स. चौथं टॅलीच्या आतलं यूजरनेम आणि त्याचा रोल. कुठल्या फाटकावर अडलंय हे कळायच्या आत काहीही बदलू नका, नाहीतर चालू असलेले पीसीही बंद पडतील.

प्रत्येक अडलेल्या पीसीवर बसून या क्रमाने बघा. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप रोमनमध्ये करा.

सर्व्हरला आधी आयपीने पिंग (तिकडून उत्तर येतं का ही चाचणी), मग नावाने पिंग. नंतर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन, पुढे सर्व्हरचा आयपी, पुढे डॅश पोर्ट ४४५. शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर फाइल शेअरिंगचा रस्ता मोकळा आहे. तीच कमांड ९९९९ पोर्टसाठी चालवा. हा टॅली गेटवे सर्व्हरचा, म्हणजे लायसन्सचा डीफॉल्ट पोर्ट. मग विंडोज+आर दाबून दोन बॅकस्लॅश आणि सर्व्हरचं नाव टाका, टॅलीडेटा उघडा, त्यात एक रिकामी टेक्स्ट फाइल बनवा, तिचं नाव बदला, मग ती डिलीट करा. हे सगळं जमलं तरच टॅली उघडा.

बरेच लोक फाइल नुसती उघडून बघतात आणि 'परमिशन आहे' म्हणतात. टॅलीला नुसतं वाचून भागत नाही. ते कंपनीच्या फोल्डरमध्ये सतत लिहितं आणि तात्पुरत्या फाइली बनवून पुसतं. डिलीटचा हक्क नसेल तर कंपनी उघडेल आणि सेव्ह करताना रडेल.

निकाल इथे टाका. आयपी कॉन्फिगचे आकडेही टाका, सर्व्हरचे आणि लॅपटॉपचे नक्की.

---

पेठेतला_मुनीम (सोमवार, रात्री १०.०५)

फायरवॉल बंद करायला सांगणाऱ्याला आधी विचारा, व्हायरस आला तर डेटा तोच परत आणून देणार आहे का.

---

भोसरीचा_लेजर (मंगळवार, सकाळी ११.२०)

निकाल :
नवीन दोन पीसी : पिंग दोन्ही प्रकारे लागतं. ४४५ ट्रू, ९९९९ ट्रू. फोल्डर उघडताना तोच गेस्टचा मेसेज.
होम पीसी : ४४५ ट्रू, ९९९९ ट्रू, फाइल बनते आणि पुसलीही जाते. तरी एज्युकेशनल.
लॅपटॉप : आयपीने पिंग लागतं, नावाने नाही. लॅपटॉपचा आयपी १९२.१६८.०.१०५, सर्व्हरचा १९२.१६८.१.१४.
जुने दोन विंडोज १० व्यवस्थित चालतात, पण त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणून तेही बदलायचे आहेत.

---

तारजोड_कसबा (मंगळवार, दुपारी १२.०२)

छान, आता एकेक घेऊ. आधी नवीन पीसी.

तुमच्या सर्व्हरला पासवर्ड नाही, म्हणजे आजवर सगळे 'गेस्ट' म्हणून आत येत होते. विंडोज १० प्रो आणि होम आवृत्त्या हे चालवून घ्यायच्या. विंडोज ११ प्रोने २४एच२ पासून दोन गोष्टी बदलल्या : गेस्ट म्हणून जोडणं डीफॉल्टनेच बंद झालं, आणि एसएमबी सायनिंग सक्तीचं झालं, म्हणजे फाइल शेअरिंगच्या प्रत्येक पॅकेटवर सही हवी. गेस्टला पासवर्डच नाही, तर सही कशाच्या जोरावर करणार? म्हणून जुने चालतात आणि नवे अडतात. तुमच्या नवीन पीसींत काही बिघाड नाही. उद्या सर्व्हर २४एच२ वर गेला की जुनेही अडतील.

यूट्यूबवर यावर 'इनसिक्युअर गेस्ट लॉगऑन चालू करा' असा उपाय सापडेल. तो चालतो, पण करू नका. हिशेबाचा डेटा बिनपासवर्डी शेअरवर ठेवणं मुळातच चूक होतं, विंडोजने फक्त ते उघडं पाडलं.

सर्व्हरवर : कॉम्प्युटर मॅनेजमेंट, लोकल यूजर्स अँड ग्रुप्स, न्यू यूजर. प्रत्येक पीसीसाठी एक यूजर करा, लेखा१, लेखा२, स्टोअर१ असे, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. 'पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलावा' ही खूण आधी काढा, ती राहिली तर नेटवर्कवरून लॉगिन होतच नाही. 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स'वर खूण करा. ती न करता, किंवा यूजर कमांडने बनवला तर, विंडोजचा डीफॉल्ट ४२ दिवसांचा आहे. दीड महिन्याने एका सकाळी सगळे एकदम बाहेर आणि कारण कुणालाच आठवत नाही.

टॅलीयूजर्स नावाचा ग्रुप करून हे सगळे त्यात घाला. फोल्डरच्या शेअरिंग टॅबमध्ये एव्हरीवन काढून त्या ग्रुपला 'चेंज' द्या, सिक्युरिटी टॅबमध्ये 'मॉडिफाय' द्या. दोन्ही ठिकाणं बघायची. दोन्हींत जी परवानगी कमी असेल तीच लागू होते. फुल कंट्रोलची गरज नाही. तो दिला तर क्लायंटवरून परवानग्याच बदलता येतात.

तिथेच कॅशिंगचं बटण आहे, त्यात ऑफलाइन काहीही उपलब्ध नाही असा पर्याय निवडा. शेवटी ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू, आणि नेटवर्क प्रोफाइल 'प्रायव्हेट' आहे ना ते बघा. राउटर बदलला की विंडोज ते गुपचूप 'पब्लिक' करतं.

क्लायंटवर : आधी नेट यूज, स्पेस, स्टार, स्लॅश डिलीट, म्हणजे जुनी जोडणी जाईल. मग क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये विंडोज क्रेडेन्शियल्समधली सर्व्हरची जुनी नोंद पुसा आणि नवीन घाला : सर्व्हरचं नाव, यूजरनेममध्ये सर्व्हरचं नाव बॅकस्लॅश लेखा१, आणि पासवर्ड. रीस्टार्ट.

१२१९ नंबरचा एरर आला तर त्याच सर्व्हरला आधीच दुसऱ्या नावाने जोडणी आहे असं समजा. बहुतेक वेळा तो प्रिंटर असतो, सर्व्हरवरूनच शेअर केलेला.

---

कोथरूड_बॅकऑफिस (मंगळवार, दुपारी १.३०)

यात एक गोष्ट राहिली. सर्व्हरवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पिन टाकून लॉगिन करत असतील आणि तोच पिन क्लायंटवर पासवर्ड म्हणून टाकत असतील तर कधीच चालणार नाही. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो. लोकल यूजर बनवणं हाच सरळ रस्ता. आणि रिकामा पासवर्ड ठेवलेला लोकल यूजरही नेटवर्कवरून आत येत नाही, विंडोजच अडवतं.

---

लायसन्सवाला (मंगळवार, दुपारी ३.१५)

होम पीसीच्या एज्युकेशनलचं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. सर्व्हरचा आयपी आता १.१४ आहे. आधी काय होता?

---

भोसरीचा_लेजर (मंगळवार, दुपारी ३.४०)

१.१० असावा. पावसाळ्यात राउटर बदलला होता.

---

लायसन्सवाला (मंगळवार, दुपारी ४.०५)

मग झालं. डेटाचा ड्राइव्ह नावाने मॅप केलाय, म्हणून तो सापडतो. लायसन्स सर्व्हर मात्र टॅलीत १.१० म्हणून नोंदवलेला आहे. तिथे आता कुणी नाही. तुमची ९९९९ ची चाचणी ट्रू आली कारण तुम्ही नवीन आयपी टाकून तपासलंत. टॅली अजून जुन्याच पत्त्यावर जातंय.

होम पीसीवर एफ१ हेल्प, सेटिंग्ज, त्यात लायसन्स. तिथे लायसन्स सर्व्हरचं नाव आणि पोर्ट दुरुस्त करा, टॅली बंद करून उघडा. सुरुवातीच्या स्क्रीनवर पर्याय विचारले तर नेटवर्कवरचं लायसन्स वापरण्याचा निवडा. नवीन ॲक्टिव्हेट किंवा रीॲक्टिव्हेट हे क्लायंटवरून चुकूनही दाबू नका. लायसन्स सर्व्हरवर ॲक्टिव्हेट झालेलं आहे, ते तिथेच राहू द्या.

एज्युकेशनल मोडमध्ये या आठवड्यात १ आणि २ तारखेला घातलेल्या एंट्र्या एकदा चाळून घ्या. तारीख घेत नाही म्हटल्यावर मुलं १ तारखेलाच बिलं ठोकतात आणि नंतर जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) जुळत नाही.

आयपी पुन्हा सरकू नये म्हणून राउटरमध्ये सर्व्हरचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) १.१० ला बांधून टाका, किंवा सर्व्हरवरच तो स्थिर करा. स्थिर करणार असाल तर तो आकडा राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेर ठेवा. वाटप १०० ते २०० असेल तर १० चालेल.

---

तारजोड_कसबा (मंगळवार, दुपारी ४.२०)

मी तर म्हणेन दोन्ही ठिकाणी नावच वापरा, आयपीचं लफडंच नको.

लायसन्सवाला (मंगळवार, दुपारी ४.३१)

नाव हे नेटवर्क डिस्कव्हरीच्या भरवशावर चालतं, ती सर्व्हिस झोपली की नाव गायब. मी स्थिर आयपीच धरतो. पण एक नक्की : अर्धे पीसी नावाने आणि अर्धे आयपीने अशी खिचडी नको. विंडोजच्या लेखी ते दोन वेगळे सर्व्हर असतात, पासवर्डही वेगवेगळे साठवले जातात.

---

तारजोड_कसबा (मंगळवार, संध्याकाळी ६.१०)

बरं, आयपी तर आयपी. आता लॅपटॉप. १९२.१६८.०.१०५ आणि १९२.१६८.१.१४ हे दोन वेगवेगळे नेटवर्क आहेत. स्टोअरमध्ये कुणीतरी दुसरा वायफाय राउटर लावलाय आणि मुख्य राउटरची वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटच्या बाजूच्या) खुपसली आहे. तो स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवून बसतो. त्याच्या आडून बाहेर जाता येतं म्हणून आयपीने पिंग लागतं, पण नावाचा पुकारा राउटर ओलांडत नाही. गोल्डचं लायसन्सही एकाच लॅनसाठी असतं, म्हणून तिकडूनही हा लॅपटॉप कधीतरी अडणारच.

दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता फक्त वायफाय देईल. सेटिंगमध्ये तसा मोड असेल तर तो निवडा. नसेल तर : त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणं) बंद करा, आणि मुख्य राउटरची वायर वॅनमधून काढून त्याच्या एखाद्या लॅन पोर्टमध्ये लावा. क्रम हाच ठेवा. आधी वायर हलवली तर दोन डीएचसीपी एकाच नेटवर्कवर येतील आणि सगळ्या ऑफिसचे आयपी भलतीकडे जातील. वायफाय 'गेस्ट' नावाचं असेल तर तेही सोडा. गेस्ट वायफाय बहुतेक राउटरांत आतल्या मशीनशी बोलूच देत नाही.

एवढं करून लॅपटॉप सापडेल. पण टॅली मध्येच बंद पडणं यानं थांबेलच असं नाही. टॅली डेटा फाइलमध्ये थेट लिहितं. वायफाय दोन सेकंद गेलं तर व्हॉट्सॲपला फरक पडत नाही, टॅलीचं अर्धं लिहिलेलं व्हाउचर मात्र तसंच लटकतं. डेटा खराब होण्याचं माझ्या मते पहिलं कारण हेच, दुसरं यूपीएसशिवाय चालणारा सर्व्हर.

---

स्टोअरकीपर_चाकण (मंगळवार, संध्याकाळी ६.५५)

सगळीकडे वायर नेता येत नाही हो. शेडमध्ये क्रेन आहे, वायर कुठून घालणार?

तारजोड_कसबा (मंगळवार, संध्याकाळी ७.१०)

कॅट ६ वायर १०० मीटरपर्यंत चालते, पाइपातून भिंतीकडेने न्या. तेही जमत नसेल तर ऑफिसात एक वायरवरचा विंडोज प्रो पीसी ठेवा आणि लॅपटॉपवरून त्याला रिमोट डेस्कटॉपने जोडा. मग वायफाय तुटलं तरी टॅली त्या पीसीवर चालूच राहतं, लॅपटॉपची फक्त स्क्रीन जाते. परत जोडलं की अर्धं व्हाउचर तसंच समोर. लक्षात ठेवा, प्रोवर एका वेळी एकच माणूस बसतो. दुसऱ्याने लॉगिन केलं की पहिला बाहेर. होम आवृत्तीला तर रिमोटने जोडताच येत नाही.

---

कोथरूड_बॅकऑफिस (मंगळवार, रात्री ८.४०)

हाच धागा धरून विचारतो. पार्टनर घरून बघू इच्छितात. राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा) उघडला तर?

लायसन्सवाला (मंगळवार, रात्री ८.५२)

नाही. इंटरनेटवर उघडा ३३८९ म्हणजे रॅन्समवेअरला आमंत्रण. व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात यायचा सुरक्षित रस्ता) लावा आणि त्यातून रिमोट डेस्कटॉप. व्हीपीएनवरून थेट शेअर केलेला फोल्डर उघडून टॅली चालवणं हेही नको. कोथरूडहून भोसरीला प्रत्येक फाइलचा प्रत्येक तुकडा जाणार-येणार, डेबुक उघडेपर्यंत चहा होईल आणि मध्ये तुटलं तर डेटा गेला. दोन-तीन माणसं एकाच वेळी बाहेरून लागत असतील तर विंडोज सर्व्हर आणि रिमोट डेस्कटॉपची लायसन्सं घ्यावी लागतात. प्रोवर अनेक सेशन चालू करून देणारे जुगाड फिरतात, ते लायसन्समध्ये बसत नाहीत आणि विंडोज अपडेट आला की बंद पडतात.

---

सीए_सदाशिव (बुधवार, सकाळी १०.१५)

चौथ्या फाटकाबद्दल कुणीच बोललं नाही. भोसरीकर, टॅलीच्या आत सगळे एकाच यूजरनेमने येतात का?

भोसरीचा_लेजर (बुधवार, सकाळी १०.४०)

हो, सगळीकडे ॲडमिन आणि एकच पासवर्ड.

सीए_सदाशिव (बुधवार, दुपारी १.०५)

तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाचं असंच सॉफ्टवेअर वापरता येतं ज्यात प्रत्येक बदलाची एडिट लॉग राहते आणि ती बंद करता येत नाही. ऑडिटरला आपल्या अहवालात त्यावर लिहावं लागतं. हा नियम कंपन्यांसाठी आहे, प्रोप्रायटरी आणि भागीदारी फर्मला नाही. आता लॉगमध्ये प्रत्येक बदलापुढे 'ॲडमिन' दिसणार असेल तर लॉग आहे, पण माणूस नाही. बिलाचा दर कुणी बदलला, या प्रश्नाला सात जणांपैकी कुणीही, हे उत्तर होत नाही.

कंपनी ऑल्टरमध्ये यूजर ॲक्सेस कंट्रोल चालू करा, तिथे मुख्य ॲडमिनचं नाव-पासवर्ड ठरेल. तो मालकाकडे किंवा अकाउंट्स प्रमुखाकडे राहील, रोजच्या एंट्रीला वापरायचा नाही. मग अल्ट+के, यूजर रोल्स. तयार 'डेटा एंट्री' रोल आहे, पण तो जसाच्या तसा देण्याऐवजी त्यावरून बिलिंग, स्टोअर, खरेदी असे तुमचे रोल करा. स्टोअरच्या माणसाला स्टॉक जर्नल आणि रिसीट नोट लागते, बॅलन्स शीट लागत नाही. रोलमध्येच मागच्या तारखेची एंट्री किती दिवसांपर्यंत चालेल ते ठरवता येतं, आणि एक कट-ऑफ तारीखही घालता येते. ३बी भरल्यावर ती तारीख मागच्या महिनाअखेरीला सरकवा, भरलेल्या महिन्यात कुणी बिल घुसडणार नाही. शेवटी अल्ट+के, यूजर्स अँड पासवर्ड्स, तिथे प्रत्येकाचं नाव आणि रोल.

यानंतर 'मला रिपोर्ट दिसत नाही' अशा तक्रारी येतील. तो बिघाड नाही, रोल आहे. नेटवर्कवाल्याला बोलवू नका.

टॅलीव्हॉल्ट हे वेगळं प्रकरण आहे. ते कंपनीचा डेटा कुलूपबंद करतं आणि कंपनी निवडायच्या यादीत नावाऐवजी फुल्या दिसतात. 'कंपनी गायब झाली' म्हणून येणाऱ्या फोनांत हे एक कारण असतं. व्हॉल्टचा पासवर्ड विसरलात तर तो परत मिळत नाही, कुणाकडूनच. तो लिहून पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवा.

---

मार्केटयार्ड_गाळा (बुधवार, दुपारी २.२०)

आमच्याकडे वेगळंच. दोन काउंटरवर एकाच वेळी बिल होतं आणि दोघांना स्क्रीनवर एकच नंबर दिसतो. छापल्यावर घोळ.

सीए_सदाशिव (बुधवार, दुपारी ३.००)

सेल्सच्या व्हाउचर टाइपला ऑल्टरमध्ये जा, नंबर देण्याची पद्धत 'मल्टी-यूजर ऑटो' करा. मग नंबर सेव्ह करतानाच पक्का होतो. मधल्या वेळात दुसऱ्या काउंटरने तो घेतला असेल तर तुम्हाला पुढचा मिळतो. म्हणून सेव्ह झाल्यावरच छापायचं, आधी स्क्रीन बघून नंबर गिऱ्हाइकाला सांगायचा नाही. किंवा प्रत्येक काउंटरला वेगळा व्हाउचर टाइप आणि वेगळा प्रीफिक्स द्या. जीएसटीत एकापेक्षा जास्त मालिका चालतात, फक्त प्रत्येक नंबर त्या वर्षात एकदाच हवा आणि प्रीफिक्स धरून १६ अक्षरांच्या आत. दोन काउंटर असतील तर मी वेगळी मालिकाच सुचवेन, दिवसअखेर गल्ला जुळवायला सोपं जातं.

---

लायसन्सवाला (बुधवार, संध्याकाळी ५.३०)

बॅकअप-रिपेअरचं राहिलंय. 'सगळ्यांनी बंद केलंय' यावर विश्वास ठेवू नका, सर्व्हरला विचारा. विंडोज+आर, एफएसएमजीएमटी डॉट एमएससी. त्यात 'ओपन फाइल्स' उघडा. कंपनीच्या फोल्डरमधल्या कुठल्या फाइली कोणत्या यूजरने धरून ठेवल्यात ते नावानिशी दिसेल. लेखा१, स्टोअर१ असे वेगळे यूजर केलेत तर इथेही उपयोग होतो. सगळेच गेस्ट असतील तर कुणाला उठवायचं तेच कळत नाही.

ज्याचं नाव दिसेल त्याच्या पीसीवर जा. खिडकीवरच्या फुलीने टॅली बंद केलेलं असतं, मागे प्रोसेस जिवंत असते. टास्क मॅनेजरमध्ये टॅलीप्राइम सापडलं तर संपवा. एंट्री चालू नाही ना, हे आधी बघून. सर्व्हरवरून 'क्लोज ओपन फाइल' करता येतं, पण समोरचा खरंच काही लिहीत असेल तर डेटा तुम्हीच मोडाल. रोजची सवय म्हणजे आधी कंट्रोल+एफ३ ने कंपनी बंद, मग टॅली बंद.

रिपेअर नेहमी सर्व्हरवर बसून, क्लायंटवरून नेटवर्कवरून नाही. आधी डेटा फोल्डरची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग अल्ट+वाय, रिपेअर. भोसरीत गुरुवारची सुट्टी असते, तो दिवस यासाठी बरा. फक्त वीज जाणार नाही याची खात्री करा, गुरुवारीच दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवतात.

दुपारच्या जेवणानंतर पहिल्याच एंट्रीला अडत असेल तर : सर्व्हर रिकामी जोडणी १५ मिनिटांनी सोडून देतो. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट कॉन्फिग सर्व्हर, स्लॅश ऑटोडिस्कनेक्ट, कोलन, उणे १. सर्व्हरचं स्लीप बंद, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची खूणही काढा.

आणि चालू डेटा फोल्डर वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवू नका. सिंक करणारा प्रोग्राम फाइल उचलायला जातो त्याच क्षणी टॅली त्यात लिहीत असतं. बॅकअपची फाइल क्लाउडला पाठवा, जिवंत डेटा नाही.

---

मार्केटयार्ड_गाळा (बुधवार, संध्याकाळी ६.१५)

नंबरचं जमलं, आभार. पुढच्या महिन्यात २४ पीसी होतील. असाच विंडोज ११ प्रो सर्व्हर चालेल?

तारजोड_कसबा (बुधवार, संध्याकाळी ६.४०)

नाही. विंडोजच्या साध्या आवृत्त्या एका वेळी २० मशीनपर्यंतच जोडून घेतात. एकविसाव्याला 'आणखी जोडणी शक्य नाही' येतं, आणि कोण एकविसावा हे रोज बदलतं, म्हणून शोधता शोधता वेड लागतं. विंडोज सर्व्हर घ्या, प्रत्येक यूजर किंवा मशीनचं कॅल लायसन्स (सर्व्हरला जोडण्याचा परवाना) धरून. तेवढ्या गर्दीत टॅलीप्राइम सर्व्हर या वेगळ्या प्रॉडक्टचाही विचार करा. त्यात बॅकअप चालू असतानाही बाकीच्यांना एंट्री करता येते.

---

भोसरीचा_लेजर (शुक्रवार, सकाळी १०.५०)

नवीन दोन्ही पीसी, होम आणि लॅपटॉप चालू झाले. काल रिपेअरही झालं. यूजर रोल आज करतोय.

दोन गोष्टी उरल्या. एका नवीन पीसीवर मॅप केलेला झेड ड्राइव्ह फाइल एक्सप्लोररमध्ये दिसतो, टॅलीत मात्र दिसत नाही. आणि त्याच पीसीवर स्टॉक समरी उघडायला बाकीच्यांच्या कितीतरी पट वेळ लागतो.

तारजोड_कसबा (शुक्रवार, सकाळी ११.२५)

पहिलं : टॅलीच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'वर खूण असणार. ॲडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला साध्या यूजरने मॅप केलेले ड्राइव्ह दिसत नाहीत. खूण काढा. झेडऐवजी डेटा पाथमध्ये दोन बॅकस्लॅश, १९२.१६८.१.१०, बॅकस्लॅश, टॅलीडेटा असा पूर्ण रस्ता लिहिलात तर ड्राइव्हच्या अक्षराचा प्रश्नच राहत नाही.

दुसऱ्यासाठी सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड किती आहे ते बघा.

भोसरीचा_लेजर (शुक्रवार, सकाळी ११.४०)

१००/१००. बाकीच्यांवर १०००/१०००.

तारजोड_कसबा (शुक्रवार, सकाळी ११.५५)

वायरच्या चार जोड्यांपैकी एक तुटली आहे किंवा क्लिपमध्ये नीट बसलेली नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून इंटरनेट चालतं आणि कुणाला शंका येत नाही. आधी दुसऱ्या पीसीची चालू पॅचकॉर्ड लावून बघा. स्पीड १००० झाला तर कॉर्ड फेका. नाही झाला तर भिंतीतल्या वायरची दोन्ही टोकं कापून नवीन आरजे-४५ क्लिप मारा, दोन्हीकडे ५६८बी क्रम : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तरीही १०० च राहिला तर स्विचचं पोर्ट बदला. आणि स्विचच १०० चा असेल, म्हणजे बाकीचे थेट राउटरला आणि हा एकटा जुन्या स्विचवर, तर पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आठ पोर्टचा गिगाबिट स्विच आणा, दोन हजारांच्या आत मिळतो.